थोरल्याची पायरी

पाळक शरदचंद्रांचं म्हणणं असं, की उपदेशाला चार माणसं येतात आणि नाटकाला सारी पलासिया वस्ती लोटते. ते खोटंही नव्हतं. नवं मध्यप्रदेश राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, करमणूक बेताची होती. म्हणून इंदूरच्या त्या लहानशा लूथरन ख्रिस्ती मंडळीत दर नाताळाआधी देवळाच्या आवारात तंबू ठोकला जाई.

यंदा नाटक होतं बायबलातल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यावर, म्हणजे दृष्टान्तावर. धाकटा बापाची इस्टेट उडवून परत येतो, बाप मेजवानी घालतो आणि शेतावरून दमून आलेला थोरला रुसून दाराबाहेर थांबतो. बाप त्याला समजवायला बाहेर येतो. मूळ दाखला तिथंच संपतो. पण अर्धवट गोष्ट पाळकांच्या पचनी पडत नसे. त्यांच्या नाटकात थोरला हसत आत जाई आणि सगळे भजन म्हणत.

बाप झाले होते श्रीपादमास्तर, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. धाकटा म्हणजे त्यांचाच अच्युत. घर सोडून गेलेला, वर्षानुवर्षं पत्ता नसलेला, तो दसऱ्याच्या सुमारास एकदम दारात उभा राहिला होता. थोरल्याचं काम मंडळीतल्या मारुतीकडे होतं, पण गिरणीत त्याची पाळी बदलली आणि पागोटं येऊन बसलं मास्तरांच्या मुलीच्या, अंबिकेच्या डोक्यावर. अंबिकाबाई नाही म्हणणाऱ्यांतल्या नव्हेत, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि असल्या माणसाचं जे होतं तेच तिचं झालं होतं.

दिवसभर शाळेत शिकवायचं, घरी येऊन स्वयंपाक, मग बाबांच्या गुडघ्यांना तेल. आई गेल्यापासून हेच. लग्नाचा विषय कधी बंद पडला हे तिलाही आठवत नव्हतं. अच्युत आला त्या दिवशी मास्तरांनी हौसेनं कोंबडी आणवली. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात, पण त्या मुर्गीचा रस्सासुद्धा अंबिकेनंच केला.

तालमीत तिनं एकदाच विचारलं होतं, थोरला बाहेरच राहिला तर चालेल का? पाळक हसले होते. "अंबिकाबाई, लोग क्या सोचेंगे? अंदर तो जाना पडेगा ना. दोन पावलांचा तर प्रश्न आहे."

नाटकाच्या दिवशी ती शाळेतून थेट आली. अच्युतच्या झग्याची उसवलेली किनार टाचून दिली, बाबांना दाढी चिकटवली, पागोटं बांधलं आणि वेळ झाल्यावर रंगमंचावरच्या घराच्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. आत ढोलक वाजू लागलं. मास्तर बाहेर आले आणि नेहमीसारखे लोकांकडे तोंड करून समजुतीचं भाषण बोलले. आता तिनं उठायचं होतं.

ती उठली नाही. रुसवा नव्हता, बंड तर नव्हतंच. पाय उचलत नव्हते, एवढंच. कनातीआडून पाळक हातवारे करून थकले. मास्तरांनी भाषण पुन्हा सुरू केलं, मध्येच थांबले आणि पहिल्यांदाच वळून तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, तिच्याशेजारी पायरीवर बसले. हे नाटकात कुठंच नव्हतं.

"दमलीस का गं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"हो बाबा. भोत दमले."

मग मास्तरांनी उठायचा प्रयत्न केला, जमेना. अंबिकेचा हात सवयीनं पुढे झाला. मास्तरांनी तो धरला, थोपटला आणि पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला.

"अच्युत," त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "बाहेर ये बेटा. मला उठव."

ढोलक थांबलं. मेजवानीच्या झग्यातला अच्युत बावरून बाहेर आला. बापाला कसं उठवायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. आधी दंडाला धरून ओढलं, मग काखेत हात घालून कसंबसं उभं केलं. मास्तरांनी आपला सगळा भार त्याच्यावर टाकला आणि दोघं अडखळत आत गेले. पाळकांनी घाईघाईनं भजन सुरू करून दिलं.

अंबिका पायरीवरच बसून राहिली. आज तिला ऊठ म्हणायला कुणी आलं नाही.