बाबांचं वजन

गुरुनाथांनी घडीची खुर्ची वाळूत रोवली. ती एका बाजूला कलली, तशी त्यांनी ती मिटली आणि काखेत धरून उभे राहिले. मिशिगन सरोवराच्या काठावर जमलेल्या माणसांत पॉलिश केलेले काळे बूट घालून आलेले ते एकटेच होते.

"कोणाचे आपण?" रेजिमेंटच्या पाद्र्यानं विचारलं. त्याच्या गळ्यात क्रूस होता आणि क्रूसावर नारिंगी लाइफ जॅकेट. देवावर भरवसा असला तरी सरकारी नियम असतात.

"नकुलचा वडील."

पाद्री त्यांच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्ही खरोखरचे आहात तर. आम्ही तुम्हाला दरवर्षी पाहतो."

हे काहीतरी धार्मिक असावं, असं समजून गुरुनाथांनी मान डोलावली.

नकुलची रेजिमेंट आर्मीची होती, पण तिच्याकडे होड्या होत्या. नेपरव्हिलच्या मराठी मंडळाला ही गोष्ट कधीच पचली नाही. "नकुल नेव्हीत ना?" "आर्मीत." "पण होड्या चालवतो म्हणता." "चालवतो." "मग नेव्हीच की यार." शेवटी गुरुनाथ आरतीनंतर "हो, नेव्ही" म्हणून प्रसाद घेऊ लागले.

रेजिमेंटच्या झेंड्यावर तिचा रक्षक संत होता, संत ख्रिस्तोफर. दाढीवाला, धिप्पाड, गुडघाभर पाण्यात उभा आणि खांद्यावर एक मूल. गुरुनाथांच्या बायकोनं, रत्नानं, तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती म्हणाली होती, "हा तर आपला वसुदेव. टोपली विसरलेला." नदी ओलांडताना ते मूल पावलागणिक जड होत गेलं, पण संतानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही, अशी कथा होती. म्हणून जुलैत, संताच्या दिवशी, प्रत्येक सैनिक आपलं एक माणूस होडीतून खांद्यावर घेऊन काठावर आणी. माणसाचे पाय भिजू द्यायचे नाहीत आणि जड आहे म्हणायचं नाही.

रत्ना दोनदा जाऊन आली होती. कोरड्या चपलांनी घरी येऊन आठवडाभर तेच सांगत बसायची. "याच्यासाठी याला इंजिनिअर केला?" एवढंच गुरुनाथ म्हणाले होते. त्यानंतर रत्ना गेली. त्यालाही आता चार वर्षं होत आली.

एरवी नकुल मेसेजवर अंगठा पाठवायचा. फोन यायचा तो जुलैत.

"बाबा, कसे आहात? वजन किती आहे?"

शुगरची चौकशी चाललीय, असं समजून गुरुनाथ खऱ्या आकड्यातून दहा पाउंड वजा करत. डॉक्टरलाही ते तेवढंच सांगत, पण डॉक्टरकडे काटा होता.

"यंदा येणार?"

"बघू."

नकुल अमेरिकेत जन्मलेला. बघू म्हणजे खरंच बघणार असतील, असं धरून तो फोन ठेवी.

यंदा ते न सांगता आले होते, आणि वेळेच्या बरेच आधी. जेट्टीसमोर गाडी लावून, एसी चालू ठेवून, त्यांनी एकेक कुटुंब होडीत चढताना पाहिलं. आपणही उतरावं असं त्यांना दोनतीनदा वाटलं. पण कुणी "या" म्हटल्याशिवाय कुठे जायची त्यांना सवय नव्हती, आणि आपण आलोय हे कुणाला माहीत नव्हतं. होडी सुटली. मग ते डिकीतून खुर्ची काढून वाळूकडे चालत आले.

आता होडी परत येत होती. काठापासून थोड्या अंतरावर थांबून तिनं पुढचं दार पाण्यात पाडलं. एकेक सैनिक बाहेर पडू लागला. कुणाच्या खांद्यावर बायको, कुणाच्या आई. एक आजोबा डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरून होते. काठावरून टाळ्या वाजत होत्या.

नकुल सगळ्यात शेवटी उतरला. त्याच्या खांद्यावर वाळूचं पोतं होतं. पोत्यासारखं धरलेलं नव्हतं. एक हात खालून, एक पाठीला, घसरू नये म्हणून माणसाला धरावं तसं. पोत्यावर काळ्या रंगात, रविवारच्या मराठी वर्गातल्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : बाबा.

"ज्याचं माणूस येत नाही, तो त्या माणसाच्या वजनाइतकी वाळू आणतो," पाद्री हळूच म्हणाला. "कोरड्या जागेवर पोचेपर्यंत खाली ठेवायची नाही."

गुरुनाथ स्वतःला येताना बघत उभे राहिले.

मांडीभर पाण्यात नकुलची नजर त्यांच्यावर पडली. तो थबकला. पोतं सोडून देणं सोपं होतं. त्यानं ते नीट वर सरकवलं आणि चालत राहिला. तो जवळ आला तशी, काय करावं ते न सुचून, गुरुनाथांनी खुर्ची उघडून पुढे केली. नकुलनं पोतं तिच्यात बसवलं. खुर्ची वाळूत रुतली आणि सरळ उभी राहिली.

"यू केम," नकुल म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"पार्किंग मिळालं."

"कधी आलात?"

"होडी सुटायच्या आधी."

 नकुलनं बाहीनं तोंड पुसलं.

गुरुनाथांनी पोत्याकडे बोट केलं. "हे बरोबर नाही. मी तुला दहा पाउंड कमी सांगतो."

"आय नो."

"कसं काय?"

"आईनं सांगितलं होतं. लास्ट टाइम, माझ्या खांद्यावर बसली होती तेव्हा. म्हणाली, बाबांना आणशील तेव्हा ते सांगतील त्यात दहा ॲड कर." त्यानं खांदा चोळला. "सो, मी दहा जास्त भरतो. एव्हरी इयर."

गुरुनाथांनी पोत्यावर हात ठेवला. ते ओलं होतं, आणि नकुलच्या खांद्याला टेकलेल्या बाजूला कोमट.

"नेक्स्ट इयर येणार? आठ वाजता जेट्टीवर या."

बघू ओठांपर्यंत आलं होतं. गुरुनाथांनी ते गिळलं.

"आलो, तर तू फोन करणार नाहीस."

नकुलला कळायला जरा वेळ लागला. मागे होडीनं दार उचलून घेतलं आणि ती वळू लागली.

"करेन," तो म्हणाला. "वजन विचारायला."

गुरुनाथांनी मान हलवली. मग पोत्याला खुर्चीतून न उठवता, ते तिच्या शेजारी वाळूवर, बुटांसकट बसले.