ऑर्डरची नऊ पानं

शालूबाईंच्या वहीत ऑर्डर या एका इंग्रजी शब्दानं नऊ पानं अडवली होती. गाय, पाणी, दार यांचं अर्ध्या अर्ध्या पानात भागलं होतं. ही ऑर्डरबाई मात्र लग्नघरी लवकर आलेल्या पाहुणीसारखी पाय पसरत गेली.

वहीला कारण शालूबाईंचे यजमान अंबादास. ते भाऊसिंगजी रोडवरच्या एका छापखान्यात जुळारी होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षराचं तोंड बघून खिळा उचलायचा आणि ओळीत बसवायचा, एवढंच. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं तसं छापखान्यात इंग्रजी काम वाढलं आणि खराब प्रूफांची रद्दीही वाढली. ती ते बंब पेटवायला घरी आणत. शालूबाई ती बंबाच्या तोंडातून परत काढत. त्यातलं एकेक वाक्य कात्रीनं कापून कणकेच्या खळीनं वहीत चिकटवत. घरात पाणी कोमट आणि बायको हुशार होत चाललीय, अशी अंबादासांची तक्रार असे.

शब्दकोश घरात नव्हता. मग अर्थ कसा लागायचा? विचारून. स्टेशनवरच्या तिकीटबाबूला, दवाखान्यातल्या कंपाउंडरला, कोर्टाच्या पट्टेवाल्याला. ऑर्डर कोर्टात निघते, हे पट्टेवाल्यानं सांगितलं. हॉटेलात ती गिऱ्हाईक देतं. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येतो. वजनकाट्यावर आऊट ऑफ ऑर्डर अशी पाटी लागली की काटा बिघडला. यादीतली नावं ऑर्डरनं लावली म्हणजे ओळीनं लावली. प्रत्येक वेळी शालूबाई घरी येऊन एक वाक्य चिकटवत आणि पुढचं पान कोरं ठेवत.

याच रीतीनं त्या महाद्वार रोडच्या मागं महिला मंडळात सोमवारी आणि शुक्रवारी दुपारी वर्ग घेत. बारा बायका यायच्या. नियम एकच होता: शब्द आणणारीनं तो कुठं बघितला ते सांगायचं. जागा सांगितल्याशिवाय फळ्यावर शब्द चढत नसे. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात शालूबाईंना अगदी स्वतःचं असं काही मिळालं असेल तर तो हा वर्ग.

मंडळाच्या अध्यक्ष माई, वकिलांच्या पत्नी. स्वभावानं चांगल्या, पण चार लोकांचं लवकर मनावर घेणाऱ्या. मॅट्रिकसुद्धा नसलेली बाई इंग्रजी शिकवते असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. एका शुक्रवारी त्या हायस्कुलातून निवृत्त झालेल्या गणपतराव मास्तरांना घेऊन आल्या. मास्तरांनी वर्ग तपासायचा. त्यांची पसंती मिळाली तर वर्ग शालूबाईंकडं राहील, नाहीतर सोमवारपासून मास्तर घेतील.

मास्तरांनी आधी वाचायला लावलं. नाईफ आला तेव्हा बारा बायकांनी एका सुरात क्नाईफ म्हटलं. मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"माझंच चुकलंय मास्तर," शालूबाई म्हणाल्या. "मी इंग्रजी बघितलंय, ऐकलेलं न्हाय. आजच सुधारतो."

ते त्यांनी तिथल्या तिथं सुधारलंही. मग मास्तरांनी दहा शब्द दिले आणि समोर अर्थ लिहायला सांगितलं. ऑर्डरपुढं त्यांना एकच अर्थ हवा होता, हुकूम. तेवढा एकच अर्थ कुणी लिहिला नव्हता. कसबा बावड्याच्या बयाबाईंच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं. त्यांनी त्यावर तीन ओळी लिहिल्या होत्या. कुणी हॉटेल लिहिलं, कुणी पोस्ट. मास्तरांनी तांबड्या पेन्सिलीनं बाराच्या बारा कागदांवर फुल्या मारल्या.

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीनं सांगितलं की नवशिक्यांचा आधी एक अर्थ पक्का करावा, बाकीचे मागाहून. चाळीस वर्षं ते असंच शिकवत आले होते आणि त्यांची पोरं मामलेदार झाली होती. आता शालूबाईंनी फळ्यावर ऑर्डर म्हणजे हुकूम एवढं लिहावं, बायकांकडून तीनदा म्हणवून घ्यावं. आपण पसंती कळवून मोकळं होऊ. माईंनी मागून डोळ्यांनी खुणावलं, लिहा की.

शालूबाईंनी खडू उचलला. बारा जणी त्यांच्या हाताकडं बघत होत्या. त्यांनी खडू परत ठेवला.

"हे खोटं न्हाय, मास्तर. पण अर्धं हाय," त्या म्हणाल्या. "क्नाईफ चुकलं, ते मी कबूल केलं. हे चुकलेलं न्हाय. अर्धं मी ह्यांच्याकडनं पाठ करून घेणार न्हाय."

"बाई, वर्ग जाईल तुमचा."

"जाऊ दे."

तेवढ्यात बयाबाईंना राहवलं नाही. "हुकूम एवढाच अर्थ आमच्या घरात जन्मभर चाललाय, मास्तर. त्येवढ्यासाठी बावड्यास्नं इतक्या लांब कशाला चालत यायचं?"

बायका हसल्या. माईंना हसू आलं होतं, पण त्यांनी पदर तोंडाला लावला. तरी वर्ग गेलाच.

घरी अंबादासांनी सगळं ऐकून घेतलं. लिहून टाकायचं होतंस की, म्हणाले, खडूचं पुसता येतंय.

"खडूचं पुसतंय. पाठ केलेलं न्हाय पुसत."

जेवण झाल्यावर अंबादासांनी नवी प्रूफं बंबाकडं न नेता सरळ बायकोपुढं आणून ठेवली. शनिवार-रविवार शालूबाई कुणाशी धड बोलल्या नाहीत. भाकरी दोनदा करपली. वर्ग गेल्याचं दुःख त्यांना झालं नाही असं म्हटलं तर ते साफ खोटं होईल.

सोमवारी दुपारी त्यांनी धुवट लुगडं नेसलं, केस नीट विंचरले आणि त्या मंडळात जाऊन पहिल्या सतरंजीवर बसल्या. सभासद बाईला वर्गात बसायला बंदी नव्हती. मंडळाची नियमावली छापताना खिळे त्यांच्याच यजमानांनी जुळवले होते आणि तिचं प्रूफ घरी आलं होतं. मागं बयाबाई येऊन टेकल्या, मग एकेक करत बाकीच्या. माई लगबगीनं आल्या आणि त्यांनी खाली वाकून, अवघडून विचारलं, शालूबाई, तुम्ही इथं कशा?

"मास्तरांचे उच्चार चांगलं हायत, माई. ते मला पाहिजेत," शालूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका स्वच्छ होता. "अर्थाचं आमचं आम्ही बघतो."

मास्तरांनी ऐकलं, पण ऐकलं नाहीसं दाखवलं. फळ्याकडं वळून त्यांनी पहिला शब्द लिहिला, पुढं बरोबरचं चिन्ह काढलं आणि मागं वळून बघतात तर शालूबाईंचा हात वर होता. "शब्द कुठं बघितला, मास्तर?"