मागे बघायचं नाही

अकराव्या दिवशी पडदा निम्म्यापर्यंत आला.

दुआन युएश्या रोज सकाळी डावा डोळा तळहाताने झाकायची आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायची. जी तारीख दिसत नाही तिच्यावर नंतर पेन्सिलीने बारीक टिंब. पहिल्या दिवशी तळाच्या ओळीतला शेवटचा रविवार तेवढा नाहीसा झाला होता. आज खालच्या दोन ओळी उजवीकडून राखाडी झाल्या होत्या. तो राखाडी रंग स्थिर नव्हता. डोळा हलला की तोही किंचित लाटेसारखा हलायचा.

टिंबं सुरू करण्याआधी तिला हे डोळ्याचं वाटलंच नव्हतं. मुलींना बॅडमिंटनचा सराव देताना उजव्या अंगाने आलेली फुलं हुकू लागली, तेव्हा ती मनाशी म्हणाली, पाय जड झाले. सव्वीस वर्षं ती हेच शिकली आणि शिकवत आली होती: फूल हुकलं की दोष पायांचा. म्हणून तिने दोरीवरच्या उड्या वाढवल्या. रोज तीनशे जास्त. त्यानंतर चौथ्या दिवशी उडी मारता मारता डोळ्याच्या कडेला वीज चमकली आणि चुलीवरच्या काजळीसारखे ठिपके समोर तरंगू लागले. तेव्हा ती थांबली. भिंतीला पाठ लावून बराच वेळ तशीच बसून राहिली.

काय झालंय ते तिला ठाऊक होतं. अठरा वर्षांपूर्वी प्रांताच्या संघाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मार खोल आहे. आज काही दिसत नाही, पण पुढे कधीही डोळ्याच्या आतला पडदा सुटू शकतो. सुटला तर एक दिवसही घरी बसायचं नाही."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. गू पेइरोंगला तर नाहीच.

आणि पेइरोंग आज येणार होती. युएश्या शिकवायची त्या क्रीडाशाळेला चाळीस वर्षं झाली म्हणून दोघींच्या जुन्या जोडीचा प्रदर्शनी सामना ठेवला होता. पेइरोंग दोन वर्षांनी मोठी. संघाने जोडी लावून दिली तेव्हा दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या. मग नऊ वर्षं एक खोली, एक तांब्या, गुडघ्याला लावायच्या मलमाची एकच डबी. युएश्या पुढे, जाळ्याशी. पेइरोंग मागे, फटके मारायला.

"अगं, टेबलाला चहा पाजतेस का?" पेइरोंग म्हणाली. बॅग अजून तिच्या खांद्यावरच होती.

पेल्याच्या दोन बोटं अलीकडे चहाचं तळं झालं होतं. युएश्याने घाईने फडकं ओढलं. "म्हातारी झाले, रोंगताई."

"तू म्हातारी? मग मी आता काठी घेऊनच कोर्टवर उतरते."

युएश्या हसली. तिने फडकं घट्ट पिळून धरलं. सामना संपला की डॉक्टरांकडे जाऊ, तिने ठरवलं. रोंगताई संध्याकाळच्या गाडीने परत गेली की लगेच. आज गेले तर ती विचारणार, डॉक्टर काय म्हणाले? आणि डॉक्टर पहिलं विचारणार, या डोळ्याला कधी काही लागलं होतं का?

लागलं होतं. राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी. जोडीत पुढे उभं राहणाऱ्याने मागे बघायचं नसतं. मागचा जोडीदार कुठे आहे ते त्याच्या बुटांच्या आवाजावरून ओळखायचं. त्या दिवशी पेइरोंगचे बूट अचानक गप्प झाले. युएश्याने मान वळवली. पेइरोंग घसरून गुडघ्यावर आली होती, पण तिने तशाही अवस्थेत पूर्ण ताकदीने फटका मारला होता. फूल सरळ युएश्याच्या उजव्या डोळ्यात. आठवड्याने सूज उतरली, आणि युएश्या तिला म्हणाली होती, "झालं बरं. तुझ्या फटक्यात काय दम आहे!"

सभागृहात मुलींनी किटलीच्या वाफेवर फुलं धरून ठेवली होती. पिसं कोरडी पडली की लवकर तुटतात. झुळूक नको म्हणून खिडक्या बंद. समोर शाळेतलेच दोन तरुण कोच. त्यातला एक ओरडला, "दुआन कोच, हळू खेळू ना?"

"हळू खेळलास तर उद्या मैदानाला वीस फेऱ्या!" पेइरोंग मागून गरजली. सगळ्या मुली खिदळल्या.

युएश्या जाळ्याशी उभी राहिली. समोरची बाजू तिला स्वच्छ दिसत होती, पण फूल जवळ येऊ लागलं की किती जवळ ते कळेना. हाताच्या अंतरावर आहे की नाकासमोर? पहिलं हुकलं. दुसरं रॅकेटच्या कडेला लागलं. तिसरं उजवीकडून, त्या राखाडीतून, एकदम कानाजवळ सणसणत गेलं. तिचं अंग आक्रसलं. पुढचं डोळ्यातच येणार, या चांगल्या डोळ्यात. फक्त एकवीस गुण, तिने स्वतःला बजावलं. फक्त एकवीस.

मागे पेइरोंगचे बूट करकरत होते. डावीकडे, उजवीकडे. हळूहळू ते जास्त उजवीकडेच वाजू लागले. युएश्याची बाजू ती न बोलता सांभाळत होती.

सात-नऊ. समोरच्याने फूल उंच उडवलं. ते डोक्यावरून मागे गेलं, आणि बूट गप्प झाले.

तीच शांतता. मागे बघायचं नाही. मागे बघायचं नाही. तिने रॅकेट तोंडासमोर धरलं, डोळे मिटले आणि जागेवरच अंग चोरून उभी राहिली.

फटका आलाच नाही. टप्, एवढाच आवाज. फूल जमिनीवर पडल्याचा.

"श्या, इकडे बघ," पेइरोंग म्हणाली.

ती वळली. पेइरोंगचं रॅकेट खाली होतं.

"उजवा ना?"

युएश्याने रॅकेट तोंडासमोरून काढलं.

"मी विचारतेय. कधीपासून?"

"अकरा दिवस."

"अकरा!" पेइरोंगने इतक्या जोरात श्वास घेतला की पहिल्या बाकावरच्या मुलीही गप्प झाल्या. "आणि तू मला चहा पाजत बसलीस? बूट काढू नकोस. चल."

शाळेची गाडी चांगशा शहराच्या रस्त्याला लागली. टोलनाक्याजवळ युएश्या म्हणाली, "तुला कळू नये म्हणून—"

"मला तेव्हाच माहीत होतं कुणाचा फटका होता तो. माझाच हात होता ना? आता गप्प बस. मान हलवू नकोस."

चांगशाच्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. "काही जड उचललंत? उड्या मारल्यात?"

"दोरीवरच्या. रोज तीनशे जास्त."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "या डोळ्याने?"

"मला वाटलं पाय..."

सुटलेला पडदा अजून नजरेच्या मधल्या बिंदूपर्यंत पोचला नव्हता, दोन मिलिमीटर उरले होते. शस्त्रक्रिया त्याच दुपारी झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला डोळ्याच्या भिंतीशी दाबून धरणार. त्यासाठी सात दिवस मान खाली, पालथं झोपायचं. वर बघायचं नाही, मागे वळायचं नाही. किती नजर वाचली ते आठ आठवड्यांनी कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी युएश्या उशीच्या खाचेत कपाळ टेकून पडली होती. पट्टीखाली काळोख होता, दुसऱ्या डोळ्यासमोर फरशीचा एक चौकोन. तो चौकोन राखाडी होता. फरशीच राखाडी आहे की या डोळ्यातही काही सुरू झालंय, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. मागे पेइरोंगच्या सपाता फटफटत होत्या. खिडकीपाशी. कपाटापाशी. पलंगाच्या पायथ्याशी.

मग त्या थांबल्या.

युएश्याने श्वास रोखला. मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार. मानेचे स्नायू आपोआप ताठ झाले, वळायला निघाले.

"रोंगताई?"

"आहे गं इथेच. सफरचंद सोलतेय." सुरीचा बारीक आवाज आला. "मान खाली घे आधी."

तिने मान खाली घेतली. "रोंगताई, ही फरशी कुठल्या रंगाची आहे?"

सपाता फटफटत पलंगाशी आल्या. "राखाडी," पेइरोंग म्हणाली. "घाणेरडी राखाडी."