गाडीनं विसरलेली चावी

मशीनच्या पोटात काहीतरी खडखडलं आणि मास्तरांची बायको हातातलं काम टाकून धावली. कपडे धुऊन होईपर्यंत दार उघडणार नव्हतं. काचेआडून खाकी पँट गरगरताना ती बघत राहिली. पाय वर, पाय खाली, जणू कुणी बुडणारा माणूस. शेवटी दार उघडलं तेव्हा खिशातून निघाली ती गाडीची चावी. बटण दाबलं, तिच्यावरचा बारका दिवा लागला नाही. खिडकीशी जाऊन खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे रोखून पुन्हा दाबलं. गाडी ढिम्म.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. निम्म्या शहराला क्लच सोडायला त्यांनी शिकवलं होतं. आवाज असा करडा की रस्त्यावरून जाणाऱ्याचाही पाय आपोआप ब्रेक शोधायचा. खिसे तपासल्याशिवाय कपडा मशीनमध्ये टाकायचा नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. पण त्या दिवशी खिसे तपासायचं तिला सुचलं नाही, कारण त्या पँटच्या खिशात चावी असायलाच नको होती. ती तिनंच तिथं ठेवली होती.

त्याचं असं होतं. दुपारी जेवून मास्तरांचा डोळा लागला की ती खुंटीवरच्या पँटमधून चावी काढायची, खाली जायची, गाडीच्या मागच्या सीटवर जेवणाचा डबा ठेवायची आणि चावी परत खिशात. सगळं चिडीचूप. मास्तरांकडे सारख्याच दोन खाकी पँटी. एक अंगावर घालायची, एक धुवायची. घाईघाईत चावी गेली धुवायच्या पँटमध्ये. माणूस लपवाछपवी करायला लागला की त्याचे हातच त्याला फसवतात. देवानं हाताला खोटं बोलायची कला दिलेली नाही.

डबा होता तिच्या लेकासाठी.

लेक नशेच्या नादी लागला होता. आधी घरातला मिक्सर गेला, मग आईच्या बांगड्या, मग बापाचं मनगटी घड्याळ. घड्याळ गेलं त्या दिवशी मास्तरांनी त्याला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढलं आणि कुलूप बदललं. ती जिन्यात धावली. गाडीची दुसरी चावी तिनं त्याच्या मुठीत कोंबली. "रात्री झोपायला तरी ये रे," एवढंच म्हणाली.

तो यायचा. कधी यायचा ते दिसायचं नाही. सकाळी डबा रिकामा असायचा, तिनं ठेवलेली चादर घडी करून ठेवलेली असायची. घरात घडी म्हणून कधी घातली नव्हती पठ्ठ्यानं. थंडी वाढल्यावर चादरीखाली एक जुनी जाड घोंगडीही दिसायला लागली. कुठून तरी पैदा केली असेल, असं तिला वाटलं. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की लोकांच्या दाराचे नळसुद्धा काढून विकणाऱ्या त्या पोरानं गाडी जागची हलवली नाही. त्याच्यात जे काही शिल्लक होतं, ते त्या गाडीत होतं. तेवढ्यावर ती जगत होती.

आता चावी धुतली असं सांगावं, तर ती त्या पँटमध्ये गेली कशी ते सांगावं लागणार. मग डबा, मग लेक. तिनं चावी रुमालात गुंडाळली, बटणांच्या डब्यात तळाशी घातली आणि ठरवलं, जेवण झाल्यावर सांगू.

जेवणाआधीच मास्तर खिसे उलटे करून उभे राहिले.

"अगं, माझी चावी बघितलीस?"

"असेल इथंच कुठंतरी."

"इथं नाही अन् तिथं नाही. दुपारी तू दळण आणायला गेलीस तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं ना?"

"म्हणजे?"

"वरच्या बाईंनी सांगितलं. तुझा लेक जिन्यात उभा होता म्हणे." रागात लेक नेहमी तिचा एकटीचा व्हायचा. "मी झोपलो असताना माझ्या खिशात हात घातला त्यानं."

"अहो, तो असं नाही करणार."

"घड्याळ काय पाय फुटून गेलं होतं?"

आता बोल, असं तिचं मन म्हणत होतं. ती ताट वाढायला लागली. मास्तर न जेवताच झोपायला गेले आणि तिनं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चावीवाला आला. मोठा बोलघेवडा माणूस. स्टिअरिंगखाली वायर जोडता जोडता म्हणाला, "ओळखलंत का मास्तर? तुम्ही दोनदा नापास केलंत मला. मी गाडी मागे घ्यायला लागलो की तुम्ही देवाचं नाव घ्यायचात."

"आणि तू खांबच शोधायचास," मास्तर म्हणाले. पण हसले नाहीत.

"काकू, घरात जेवढ्या चाव्या असतील तेवढ्या आणा बरं. गाडीला नवी चावी शिकवायची तर जुन्या सगळ्या पुसाव्या लागतात. आता समोर असतील तेवढ्याच गाडी ओळखणार. बाकीच्यांना विसरून जाणार."

तिनं हळूच विचारलं, "आणि एखादी बाहेर कुणाकडे राहिली असली तर?"

"तर तो बसेल बटण दाबत. गाडी म्हणेल, आपण कोण?" तो स्वतःच हसला. "चावीच्या आतलं पातं घालून दार उघडेल हो, पण मग अशी बोंबलेल, की गल्ली गोळा होईल."

मास्तर तिच्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला होता. "दुसरी चावी कुठं आहे?"

तिनं त्यांच्या चपलांकडे बघितलं. "हरवली ती. केव्हाच."

मास्तर थोडा वेळ थांबले. शिकाऊ माणूस ब्रेक दाबेल म्हणून थांबायचे, तसे. मग चावीवाल्याला म्हणाले, "ऐकलंस ना? दोन्ही हरवल्या. पूस."

यंत्र टिकटिकलं. गाडीचे दिवे एकदा उघडझाप झाले. संपलं. एका माणसाचं घर पुसायला केवढा वेळ लागतो, तर चावीवाल्याला शिंक येऊन जाईल एवढा.

त्या दिवशी डबा गाडीत गेला नाही. मास्तरांनी नवी चावी उशाखाली घेतली होती. एखादं दार उघडं राहिलंय का बघायला संध्याकाळी ती दोनदा खाली जाऊन आली. दारं घट्ट बंद. काचेतून घडी केलेली चादर तेवढी दिसत होती. रात्रभर तिनं देवाकडे एकच मागणं मागितलं: आजची रात्र तो येऊ नये.

सकाळी उजाडताच ती खाली गेली. गाडीवर दव साचलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर एक पंजा उमटला होता, पाचही बोटं स्वच्छ. आतलं बघायला कपाळ टेकवलं असेल, तिथं एक गोल. दाराला साधा ओरखडा नव्हता. पातं घालून बघितलंच नव्हतं त्यानं. गल्ली गोळा होऊ दिली नव्हती. आणि वायपरमध्ये चावी अडकवलेली होती, परत केल्यासारखी.

ती जिना कशी चढली तिचं तिला कळलं नाही. बटणांचा डबा तिनं मास्तरांपुढे उपडा केला. बटणं घरभर घरंगळली. रुमालातली चावी आणि वायपरमधली चावी शेजारी शेजारी ठेवून ती म्हणाली, "ही मी धुतली. त्यानं नाही चोरली. ही दुसरी मीच त्याला दिली होती. तो गाडीत झोपायचा. मारायचं तर मला मारा."

मास्तरांनी आयुष्यात कधी हात उचलला नव्हता. ते खाली बसले. एक बटण उचललं, दुसरं उचललं.

"झोपतो ते माहीत होतं मला," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"काय?"

"सीट मागं गेलेली, आरसा हललेला. जन्म आरसे नीट करण्यात गेला माझा. मला कळणार नाही? गाडीत रोज तुझ्या जेवणाचा वास. नाक नाही का मला? घोंगडी कुणी ठेवली, वाटलं तुला?"

ती बटणांमध्येच खाली बसली.

"मी म्हणत होतो, ठीक आहे. गाडीत आहे, नजरेसमोर आहे. एक दिवस वर येईल. पण घरात शिरून माझ्या खिशातून..." हातातली बटणं त्यांनी डब्यात टाकली. "काल तुला विचारलं मी. खरं बोलली असतीस तर म्हणणार होतो, राहू दे, पुसू नको."

दुपारी चावीवाला पुन्हा आला. या वेळी त्यानं थट्टा केली नाही. धुतलेली चावी नखानं उघडली, आतलं पाणी पुसलं, जुना सेल काढून नवा घातला. बटण दाबलं. बारका दिवा लागला.

"हिला काही झालंच नव्हतं, काकू," तो म्हणाला. "सेल गेला होता नुसता. त्याच दिवशी दाखवली असतीत तर..." दोघांकडे बघून त्यानं वाक्य अर्ध्यातच सोडलं आणि तिन्ही चाव्या गाडीला शिकवायला बसला.

मास्तर लेकाला शोधायला गेले. स्टेशनच्या मागे, पुलाखाली, बंद गोदामांच्या ओट्यांवर. शिकवून सोडलेल्या रिक्षावाल्यांना सांगून ठेवलं. कुणी म्हणे काल दिसला होता, कुणी म्हणे तो नव्हेच.

आता गाडीचं दार कायम उघडं असतं. डबा मास्तर स्वतः नेऊन ठेवतात, घोंगडी झटकतात, पुढची सीट लेकाच्या लांब पायांना पुरेल एवढी मागे सरकवतात. सकाळी ती वरून खिडकीतून बघते. मास्तर गाडीत बसतात, मान जराशी वाकडी करून आरशात बघतात. मग आरशाला हात न लावता, भरलेला डबा घेऊन जिना चढू लागतात.