चौथा धडा

देवरावांना चिनीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कारखान्याच्या सेक्टर सहातल्या क्वार्टरात ड्यूटीवर निघण्याआधी दामिनीचं पाठांतर तेच घ्यायचे. लहानपणी पाढे घेतले, तसंच. पोरीनं धडे देवनागरीत उतरवून दिले होते. त्यावर ते बोट फिरवत, आणि एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. अर्थाबिर्थाचं नंतर पाहू, म्हणायचे. ऐकून ऐकून बाराही धडे त्यांनाच पाठ झाले.

आज नेहरू नगरात दुभाष्याच्या नोकरीची मुलाखत होती. चिनी इंजिनिअरनं हसून एवढंच विचारलं, घरी कोण कोण असतं? प्रश्न चौथ्या धड्यातला. दामिनीचं तोंड आपोआप सुटलं: आम्ही पाच जण, बाबा, आई, दोन भाऊ आणि मी. इंजिनिअरनं फॉर्म पाहिला. त्यात तिनंच लिहिलं होतं, दोघं. आईला जाऊन वर्ष झालं होतं, आणि भाऊ तर तिला कधी नव्हतेच. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून धडा म्हटला.

घरी देवराव वाटच पाहत होते. "काय विचारलं तुले?"

"चवथा धडा."

"थो तर तुले झोपेतबी येते!" म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच घडाघडा म्हणू लागले. रिकाम्या क्वार्टरात धड्यातले पाचही जण एकेक करून येऊन गेले.

"मंग चुकली कुठी तू?"

"कुठीच नाही, बाबा," दामिनी म्हणाली.