पुस्तकात ठेवलेली चिठ्ठी

आमच्या गावच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली. त्यांतली एकेचाळीस वर्षं ग्रंथपाल मीच. आर्वीच्या रस्त्यावर एक खोली आणि नऊ कपाटं. समारंभ ठरला तेव्हा माझे मित्र रूपराव यांचा मुलगा अंकुश म्हणाला, "काकाजी, मी वरून फुलं टाकतो."

अंकुश नागपूरला विमान चालवायला शिकला होता. मित्राशी भागीदारीत त्याने दोन माणसं बसतील एवढं जुनं विमान घेतलं होतं. त्याच्या परवान्याची मुदत संपल्याचं त्यानेच हसत सांगितलं होतं.

मी नियम शोधून वाचले. वाचण्यापलीकडे मला काही येत नाही. गर्दीवर खाली यायचं नाही, परवानगीशिवाय वरून काही टाकायचं नाही. पुढच्या बैठकीत चाचरत म्हणालो, "अंकुश, ते कागद..."

"कागदाचं काय घेऊन बसले, काकाजी! दहा मिनिटाची गोठ हाय. तुमच्यावर फुलं नाई टाकू तं काय मंत्र्यावर टाकू?"

मंडळी हसली. मीही हसलो. खरं म्हणजे मला ती फुलं हवी होती. इतक्या वर्षांत माझ्या गळ्यात कोणी साधा हार घातला नव्हता.

घरी येऊन मी सगळे नियम चिठ्ठीवर नीट अक्षरात लिहिले, शेवटी 'उडू नकोस' असं लिहिलं. पाहुण्यांना द्यायच्या पुस्तकांपैकी एकात ती ठेवली आणि समारंभाच्या आदल्या दिवशी ते अंकुशला दिलं. तो पुस्तक उघडत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? वाचनालयातलं त्याचं कार्ड कोरंच होतं.

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या पडल्या. माझ्या टोपीवरही पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तसा अंकुश आणखी खाली आला. हात हलवत वळला, आणि विमान एका अंगावर कलंडून पलीकडच्या तुरीत कोसळलं. मी अजून मान वर करून हसत होतो.

तेरवीनंतर रूपराव पुस्तक घेऊन आले.

"घ्या अण्णाजी. तो कुठी वाचे! चौकशीवाले म्हनतात, त्यानं कायदा तोडला. त्याले माहीतच नसन. तुम्ही सांगतलं असतं तं आयकला असता. तुमाले लय मानत होता."

कपाटाची किल्ली माझ्या हातात होती. पुस्तक आत ठेवून कुलूप लावलं असतं, तर कोणाला काही कळलं नसतं. मी चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली.

"चश्मा नाई आनला. तुम्हीच वाचा."

वर तारीख होती, तीही वाचली. 'उडू नकोस'पर्यंत पोचायला मला फार वेळ लागला.

"तोंडानं काऊन नाई सांगतलं, अण्णाजी?"

"मला फुलं पाहिजे होती."

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली, घडी करून खिशात ठेवली. पुस्तक टेबलावर तसंच राहिलं. पायरी उतरताना ते नेहमीसारखं 'येतो' म्हणाले नाहीत.