केरबांच्या पोटातला बांध

शिरोळच्या केरबांनी जन्मभर एकाशीच वैर धरलं, ते क्षाराशी. मिठानं पांढरं पडलेलं रान त्यांनी जमिनीखाली पाईप घालून, निचरा काढून पुन्हा उसाला आणलं होतं. आणि आता सूनबाई त्यांना क्षाराचंच पाणी पाजत होती! त्यांच्या छातीत जळजळतं म्हणून अनुजानं मोबाईलवर बघून तसलं पाणी करणारं यंत्र मागवलं. म्हणे अंगात आम्ल वाढलंय, मटण बंद.

"पोरी, रान क्षारपड झालं, आता सासऱ्यालाबी करतीस व्हय?"

"मामा, रातीचं छाती चोळत बसता, मला बघवत न्हाय." अनुजाचे डोळे भरून आले. केरबांनी पेला तोंडाला लावला.

पण रविवारी आखाडाचं जेवण. सारी भावकी मळ्यात जमणार, बकरं पडणार, आणि केरबांनी दूधभात कालवायचा? त्यांच्या जिवाला घोर लागला. शेवटी ते सुनेला घेऊन शहरात, राजारामपुरीतल्या डॉक्टर दीक्षांकडे गेले.

"रक्तातलं आम्ल-क्षार फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात," डॉक्टर म्हणाल्या. "पाण्यानं, मटणानं ते हलत नाही. पोटात आम्ल हवंच, त्याशिवाय अन्न पचेल कसं? तुमचं ते वर चढतंय. जेवून काय करता?"

"आडवा हुतो की!"

"तिथंच चुकतं. वरची झडप सैल पडलीय."

"म्हंजे रान झ्याक हाय, बांध फुटलाय!" केरबा खुर्चीतून उठलेच. "मग मटण?"

"थोडं, बेतानं तिखट. गोळ्याही देते. पण जेवल्यावर दोन-तीन तास पाठ टेकायची नाही."

केरबांचा चेहरा पडला. आखाडाचा अर्धा आनंद जेवणानंतर आंब्याखाली ताणून देण्यात होता.

रविवारी दुपारी भावकी घोरू लागली. केरबांनी मोजकंच खाल्लं होतं, तरी बसल्या बसल्या डोळे मिटू लागले. तेवढ्यात अनुजा समोर येऊन बसली.

"मामा, रानात पाईप कसं घातलं, सांगा की."

केरबांची झोप उडाली. ती कहाणी सुरू झाली की घरातलं एकेक माणूस काहीतरी काम काढून उठायचं. आपणहून कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी काडीनं मातीत चर आखले, पाण्याची वाट काढून दाखवली. उन्हं कलली, भावकी जागी होऊन चहाला बसली, तरी ते सांगतच होते. छातीत जळजळ नव्हती.

"कटाळलीस न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाय मामा. पुढच्या रविवारी परत सांगा."